मुंग्या गेल्या, बॉक्स आला: नागपूरचा टीव्ही डिजिटल झाला तेव्हा नेमकं काय बदललं?

३१ मार्च २०१३. होळी होऊन चार दिवस झाले होते, उन्हाळा डोक्यावर होता आणि नागपुरातल्या हजारो घरांमध्ये एकच प्रश्न होता. "बॉक्स लावला का? नाहीतर उद्यापासून टीव्ही बंद!"

हा बॉक्स म्हणजे सेट-टॉप बॉक्स. केंद्र सरकारने देशातल्या ३८ शहरांना डिजिटल केबलसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत दिली होती. त्या यादीत पुणे, नाशिक, औरंगाबाद यांच्यासोबत नागपूरही होतं. भिंतीतून आलेली काळी वायर थेट टीव्हीच्या मागे खुपसायची, ही वीसेक वर्षांची सवय आता मोडणार होती.

"चित्र स्वच्छ दिसेल, चॅनल जास्त मिळतील," असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं गेलं. ते खरंही होतं. पण एवढा मोठा कायदा फक्त चित्र स्वच्छ करण्यासाठी झाला नव्हता. त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते होतं मोजणी. कोणत्या गल्लीत किती घरं टीव्ही बघतात, पैसे किती गोळा होतात आणि ते कुणाच्या खिशात जातात, याचा हिशेब तोपर्यंत कुणाकडेच नीट नव्हता.

ही गोष्ट सुरुवातीपासून समजून घेऊया.

आधी ॲनालॉग म्हणजे काय?

ज्यांचं बालपण १९८० आणि ९० च्या दशकात गेलं, त्यांना हे सांगावं लागणार नाही. घराच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटिना असायचा. वारा सुटला की तो फिरायचा. मग एक जण वर चढायचा, एक जण खिडकीत उभा राहायचा आणि संवाद सुरू व्हायचा. "आलं का बे?" "आलं, आलं... गेलं! थोडा मागे घे!"

स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची वळवळ दिसायची, तिला आपण 'मुंग्या' म्हणायचो.

ॲनालॉग प्रसारणात चित्र आणि आवाज यांचं रूपांतर सतत वर-खाली होणाऱ्या विद्युत लहरीत केलं जातं. लहर जशीच्या तशी टीव्हीपर्यंत पोहोचली तर चित्र उत्तम. वाटेत कमकुवत झाली किंवा दुसऱ्या लहरी मिसळल्या, की चित्रही तेवढ्या प्रमाणात बिघडतं. मुंग्या म्हणजे टीव्हीने पकडलेला हाच नको असलेला गोंगाट. त्यातला अगदी छोटासा भाग विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचाही असतो, असं शास्त्रज्ञ सांगतात.

ॲनालॉगचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल. तो हळूहळू हरायचा. सिग्नल अर्धा आला तरी मुंग्यांतून बॅट्समन दिसायचा, आवाज ऐकू यायचा आणि मॅच बघून व्हायची.

मग डिजिटलमध्ये वेगळं काय होतं?

डिजिटलमध्ये चित्र आणि आवाज शून्य आणि एक या आकड्यांत बदलले जातात. त्यानंतर त्यांना दाबून लहान केलं जातं. समजा बातम्या सांगणाऱ्या व्यक्तीच्या मागची भिंत दहा सेकंद बदललीच नाही, तर ती भिंत पुन्हा पुन्हा पाठवायची गरज नसते. फक्त जे बदललं तेच पाठवायचं. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

याचा फायदा जागेत होतो. ॲनालॉगमध्ये एका चॅनलला ७ ते ८ मेगाहर्ट्झ इतकी जागा लागायची. तेवढ्याच जागेत डिजिटल पद्धतीने दहा किंवा त्याहून जास्त चॅनल बसतात. म्हणून जी वायर आधी जेमतेम शंभरेक चॅनल वाहून नेऊ शकत होती, तीच आता काही शे चॅनल नेऊ लागली.

पण डिजिटल हळूहळू हरत नाही. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेल तर चित्र चकचकीत. त्याखाली गेला, की आधी चौकोन-चौकोन दिसतात, मग चित्र थिजतं आणि शेवटी 'नो सिग्नल'. मुसळधार पावसात डिश बंद पडते ती यामुळेच. मधली मुंग्यांची अवस्था डिजिटलमध्ये उरली नाही.

टीव्ही गच्चीवरून गल्लीत कसा आला?

भारतात टीव्हीची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत झाली. महाराष्ट्रात मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८२ मध्ये रंग आले आणि १९८४ मध्ये तर देशात जवळपास रोज एक ट्रान्समीटर उभा राहण्याइतका वेग आला. 'रामायण' १९८७ मध्ये आणि 'महाभारत' १९८८ मध्ये सुरू झालं, तोवर टीव्ही छोट्या गावांतही पोहोचला होता. नागपुरात सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचं केंद्र आणि उंच टॉवर उभा राहिला. आजही रिक्षावाल्याला 'टीव्ही टॉवर' सांगितलं तर पत्ता वेगळा सांगावा लागत नाही.

ही सगळी व्यवस्था हवेतून यायची. टॉवरवरून लहरी सुटायच्या आणि गच्चीवरचा अँटिना त्या पकडायचा. महिन्याचं बिल नव्हतं.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर चित्र बदललं. परदेशी वाहिन्या उपग्रहावरून भारतात दिसू लागल्या. १९९२ मध्ये झी टीव्ही आला. उपग्रहाचा सिग्नल पकडायला तेव्हा मोठी छत्री लागायची आणि ती प्रत्येकाला परवडणारी नव्हती. मग मोहल्ल्यातल्या एखाद्या तरुणाने गच्चीवर छत्री बसवली, इलेक्ट्रिकच्या खांबांवरून आणि झाडांच्या फांद्यांवरून वायर ओढली आणि शंभर-दोनशे घरांना जोडणी दिली. हाच आपला केबलवाला.

याची परवानगी कुणी दिली? सुरुवातीला कुणीच नाही. केबलसाठीचा कायदा १९९५ मध्ये आला, तोवर देशभर वायरी पसरून झाल्या होत्या.

मोजणीचा घोळ काय होता?

इथे गोष्टीतला कळीचा मुद्दा येतो. केबल धंद्याची साखळी साधारण अशी होती:

• ब्रॉडकास्टर: चॅनल तयार करणारी कंपनी.
• एमएसओ: अनेक चॅनलचे सिग्नल एका ठिकाणी गोळा करून पुढे पाठवणारी मोठी केबल कंपनी. नागपुरात यूसीएनसारखी स्थानिक नेटवर्क्स याच प्रकारची.
• स्थानिक केबल ऑपरेटर: गल्लीतला केबलवाला. घरापर्यंत वायर आणणारा आणि महिन्याला पैसे घेऊन जाणारा.
• ग्राहक: तुम्ही-आम्ही.

ॲनालॉगमध्ये वायरीतून सगळे चॅनल एकदमच यायचे. वायर कापून तिला नवा फाटा जोडला, की शेजारच्या घरातही सगळे चॅनल सुरू. ही जोडणी वर बसलेल्या कंपनीला कळायचा मार्गच नव्हता. त्यामुळे प्रत्यक्षात पाचशे घरं असली, तरी वर शंभरच आहेत असं सांगता यायचं. पे चॅनलचे पैसे आणि करमणूक कर या दोन्हींचा हिशेब या सांगितलेल्या आकड्यावर व्हायचा.

परिणाम तीन झाले. एक, ब्रॉडकास्टरला वर्गणीचे पैसे कमी मिळायचे, म्हणून चॅनल जाहिरातींवर जगू लागले. जाहिराती टीआरपीवर मिळतात, त्यामुळे सगळा जोर टीआरपीवर आला. दोन, सरकारचा कर बुडायचा. तीन, वायरीत जागा मोजकी असल्यामुळे आपलं चॅनल दाखवावं म्हणून उलट चॅनलच केबल कंपन्यांना पैसे देऊ लागले. याला कॅरेज फी म्हणतात. नव्या आणि छोट्या चॅनलना हा खर्च जड जायचा.

सगळा दोष केबलवाल्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. वायर टाकायला पैसे त्याचे, पावसात खांबावर चढायची मेहनत त्याची आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणाराही तोच. व्यवस्थेत मोजमापच नव्हतं, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या सोयीचा आकडा सांगत होता.

बॉक्सने मोजणी कशी सुरू केली?

प्रत्येक सेट-टॉप बॉक्सला स्वतःचा क्रमांक असतो. केबल कंपनीच्या संगणकात तो क्रमांक ग्राहकाच्या नावाशी आणि पत्त्याशी जोडलेला असतो. चॅनल कुलूपबंद अवस्थेत, म्हणजे सांकेतिक रूपात वायरीतून येतात. किल्ली फक्त नोंदणी झालेल्या बॉक्सला मिळते. कंपनीने संगणकावरून सूचना दिली, की तुमच्याच घरातलं एखादं चॅनल सुरू किंवा बंद होतं. शेजाऱ्याच्या टीव्हीला धक्काही लागत नाही.

म्हणूनच सरकारी कागदपत्रांत या व्यवस्थेचं नाव नुसतं 'डिजिटल' नव्हतं, तर 'डिजिटल ॲड्रेसेबल सिस्टीम' होतं. ॲड्रेसेबल म्हणजे पत्त्यासकट ओळखता येणारी. सगळा जोर त्या शब्दावर होता.

त्यामुळेच २०१३ मध्ये बॉक्ससोबत एक फॉर्मही घरोघरी आला. नाव, पत्ता, कोणते चॅनल हवेत, सगळं भरून द्यायचं होतं. फॉर्म दिला नाही तर जोडणी बंद होईल, असे इशारेही दिले गेले. अनेकांना ही कटकट वाटली. पण मोजणीच्या दृष्टीने बॉक्सइतकाच तो कागदही महत्त्वाचा होता.

एकच जिल्हा, तीन तारखा

याआधी २००३ पासून चेन्नईत आणि २००७ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कोलकात्याच्या काही भागांत असाच प्रयोग झाला होता, पण तो फार पसरला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, देशभर डिजिटल केबलची शिफारस केली. २०११ मध्ये आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेने केबल कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. काम चार टप्प्यांत करायचं ठरलं:

• पहिला टप्पा: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. मुदत ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत वाढली.
• दुसरा टप्पा: नागपूरसह ३८ शहरं. मुदत ३१ मार्च २०१३.
• तिसरा टप्पा: उरलेला सगळा शहरी भाग. आधीची मुदत सप्टेंबर २०१४, नंतर ३१ डिसेंबर २०१५.
• चौथा टप्पा: उरलेला देश. आधीची मुदत डिसेंबर २०१४, नंतर डिसेंबर २०१६.

तिसऱ्या टप्प्यात बॉक्सची कमतरता होती, अनेक राज्यांत प्रकरण हायकोर्टात गेलं आणि स्थगिती मिळाली. शेवटी तिसऱ्या टप्प्यासाठी ३१ जानेवारी २०१७ आणि चौथ्यासाठी ३१ मार्च २०१७ या तारखा ठरल्या.

आता हे नागपूर जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघा. २०११ च्या जनगणनेनुसार २४ लाखांची वस्ती असलेलं नागपूर शहर दुसऱ्या टप्प्यात. कामठी, काटोल, उमरेड, रामटेक ही नगरपरिषदांची गावं तिसऱ्या टप्प्यात. आणि खेडी चौथ्या टप्प्यात. म्हणजे कागदावर शहर आणि शेजारचं कामठी यांच्यात जवळपास चार वर्षांचं अंतर पडलं. नागपुरात बॉक्सशिवाय टीव्ही लागत नव्हता, तेव्हा थोड्याच अंतरावर वायर थेट टीव्हीत जात होती.

घराघरात काय बदललं?

पहिला बदल खिशात जाणवला. बॉक्ससाठी साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च आला. हप्त्याने किंवा भाड्याने घ्यायची सोयही नियमांत होती, पण सरकारकडून अनुदान नव्हतं.

दुसरा बदल दुसऱ्या खोलीत झाला. आधी एकाच वायरीला जोड देऊन हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला टीव्ही चालायचा. आता प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स लागू लागला. अनेक घरांतला जुना छोटा टीव्ही त्या महिन्यात कायमचा मुका झाला.

तिसरा बदल केबलवाल्याच्या वाट्याला आला. पूर्वी तो स्वतःच एखादं चॅनल चालवायचा. त्यावर पिक्चर लागायचे, गणपती मंडळाचं शूटिंग दिसायचं, इतवारीतल्या साडीच्या दुकानाची जाहिरात यायची. डिजिटलमध्ये प्रत्येक चॅनल मोठ्या कंपनीच्या मुख्य केंद्रातूनच निघतं. त्यामुळे गल्लीच्या केबलवाल्याच्या हातून त्याचं चॅनल गेलं आणि ग्राहकांची यादीही कंपनीच्या संगणकात गेली. जो मालक होता, तो बराचसा वसुली आणि दुरुस्ती करणारा एजंट झाला. देशभर केबलवाल्यांनी डिजिटलला विरोध केला, त्यामागे हे मोठं कारण होतं.

चौथी अडचण अजून सुटलेली नाही. एका कंपनीचा बॉक्स सहसा दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. मोबाइलचं सिम बदलतं तशी टीव्हीची कंपनी बदलता येत नाही, जुना बॉक्स भंगारात जातो. कोणत्याही कंपनीकडे चालतील असे बॉक्स असावेत, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली, पण घरोघरचं चित्र त्याने बदललं नाही.

१५३ रुपये ४० पैसे कुठून आले?

मोजणी जमली, की चॅनलनिहाय पैसे घेणंही शक्य होतं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरव्यवस्था लागू झाली. प्रत्येक पे चॅनलची किंमत जाहीर करणं बंधनकारक झालं. १०० चॅनलपर्यंतच्या जोडणीसाठी जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बेरीज १५३ रुपये ४० पैसे. पे चॅनलचे पैसे त्यावर वेगळे.

'जेवढं बघाल तेवढेच पैसे' ही कल्पना चांगली होती. पण मराठी मालिका, क्रिकेट, मुलांचं कार्टून आणि आजोबांच्या बातम्या असं सगळं निवडलं, की अनेक घरांचं बिल आधीपेक्षा वाढलं. निवड मिळाली, पण प्रत्येक निवडीला किंमतही लागली. पुढे ट्रायने नियम बदलले. १३० रुपयांत २०० चॅनल द्यायला सांगितलं आणि २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली.

आणि गच्चीवरच्या अँटिनाचं काय झालं?

इतर देशांत 'डिजिटल स्विचओव्हर' म्हणजे मुख्यतः अँटिनावरच्या टीव्हीचा बदल. अमेरिकेत मोठ्या ॲनालॉग केंद्रांनी १२ जून २००९ ला प्रसारण थांबवलं. त्याआधी सरकारने बॉक्स घेण्यासाठी घरटी ४० डॉलरची दोन कूपन दिली. जपानच्या बहुतेक भागात २४ जुलै २०११ ला ॲनालॉग बंद झालं. ब्रिटनने हे काम २००७ ते २०१२ या काळात पूर्ण केलं.

भारतात उलटं झालं. आधी सक्ती केबलवर आली आणि अँटिना मात्र गाजावाजा न होता गेला. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत अँटिनावर डिजिटल प्रसारण सुरू केलं. त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद होतं, नागपूर नव्हतं. दुसरीकडे ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकी सगळे मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने जाहीर केलं होतं.

याच काळात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, सिलचर आणि कलबुर्गीची दूरदर्शन केंद्रं बंद होणार अशा बातम्या फिरल्या. ट्रान्समीटर बंद होतोय, केंद्र नाही, असा खुलासा प्रसार भारतीला करावा लागला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ट्रान्समीटर फक्त सिग्नल हवेत सोडतो. कार्यक्रम केंद्रात तयार होतात आणि ते उपग्रहावरून, केबलवरून आणि इंटरनेटवरून घरी पोहोचतात.

मग बिल न भरता टीव्ही बघता येतो का?

येतो. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डिश सेवा आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याचं भाडं शून्य. नागपुरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडा, कौलारू घरांवर आणि शेतातल्या खोल्यांवर या छत्र्या दिसतील.

मात्र मोफत सेवेवर कोणतं खासगी चॅनल राहील, हे प्रेक्षकाच्या हातात नसतं. २०१९ मध्ये मोठ्या समूहांनी आपली काही लोकप्रिय हिंदी मनोरंजन चॅनल फ्री डिशवरून काढून घेतली होती. पैसे देणारा ग्राहक निदान तक्रार करू शकतो. फुकट बघणाऱ्याला रातोरात चॅनल गेल्याचं रिमोट दाबल्यावरच कळतं.

तुमच्या कामाच्या तीन गोष्टी

१. जुना डबा टीव्ही डिजिटल सिग्नलवर चालतो. बॉक्समधून पिवळी, लाल आणि पांढरी पिन असलेली वायर जोडता आली म्हणजे झालं.

२. टीव्ही फेकायचाच असेल तर कचरागाडीत टाकू नका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. तो ई-कचऱ्यातच द्यायला हवा.

३. नवा टीव्ही घेताना त्यात उपग्रहाचा ट्यूनर आहे का, हे विचारा. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने निकष ठरवले आहेत. तो असेल तर मोफत चॅनलसाठी वेगळा बॉक्स लागत नाही, फक्त छत्री पुरते.

थोडक्यात काय?

गच्चीवरच्या अँटिनाला आपण कोण, हे माहीत नव्हतं. गल्लीतल्या केबलवाल्याला आपलं घर माहीत होतं, पण वरच्या कंपनीला नव्हतं. बॉक्स आला आणि कंपनीला आपलं नाव, पत्ता आणि निवडलेली चॅनल कळली. आता स्मार्ट टीव्ही आणि मोबाइल ॲप त्याच्याही पुढे गेलेत. कोणता भाग कितव्या मिनिटाला बंद केला, हेही त्यांना कळतं.

मोजणीमुळे कर बुडवणं अवघड झालं, चॅनलची किंमत उघड झाली आणि निवडीचा हक्क मिळाला. हे फायदे खरे आहेत. पण यात मोजले गेलो आपण, आणि हिशेब मात्र दुसऱ्याच्या संगणकात राहिला. त्यामुळे पुढच्या वेळी बिल आलं, की निदान एकदा कोणत्या चॅनलचे किती पैसे लागलेत ते वाचून बघा. जे कुणी बघतच नाही, ते बंद करायला सांगा. बॉक्सने तेवढी सोय तरी नक्कीच दिली आहे.